आषाढातलं मोकळं मशीन

शैलजा,

तुझी शोकसभा मंगल कार्यालयात झाली. कार्यालयवाल्यांनी हॉल आपणहून दिला, नाही म्हणता आलं नाही. सकाळी तिथे एक लग्न होऊन गेलं होतं. दारावर झेंडूच्या माळा तशाच होत्या आणि खुर्च्यांच्या पाठींना गुलाबी फिती बांधलेल्या होत्या. व्यवस्थापकांनी मला बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, "अहो, पानं किती धरायची?" मी म्हणालो, शोकसभा आहे. ते म्हणाले, "ते माहीत आहे हो. पण लोक लांबून येणार. निदान चहाचा आकडा तरी सांगा."

मागे फ्लेक्स होता. त्यावर तुझा फोटो आणि खाली 'माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील तेजस्वी तारा निखळला'. तू तेजस्वी वगैरे कधीच नव्हतीस. चिवट होतीस. पाच जण बोलले, त्यातले चार स्वतःबद्दल बोलले. पाचवे म्हणाले की शैलाताईंनी हजारो संसार उभे केले. तू जन्मभर लोकांना सांगत आलीस, शैला नाही, शैलजा. आणि संसार तू एकही उभा केला नाहीस. एकाच दिवशी एकच हॉल दोन घरांना मिळू नये, एवढंच तू पाहिलंस. ते किती अवघड आहे, हे त्या व्यासपीठावर कोणालाच माहीत नव्हतं.

मलाही 'दोन शब्द' बोलायला सांगितलं. मी घसा बसला आहे असं सांगितलं. घसा ठीक होता. जे बोलायचं होतं ते त्या फ्लेक्सखाली बोलता आलं नसतं, म्हणून इथे लिहितो आहे.

आपली वेबसाइट काय करते हे तुला सांगायची गरज नाही, पण हे आणखी कोणी वाचेल. पुण्यातली आणि आसपासची मंगल कार्यालयं, कोणत्या तारखेला कोणतं मोकळं, आणि मोकळं असेल तर ते धरायचं, एवढंच काम. वर्षभर वेबसाइट निवांत असते. पण वर्षातून एकदा, नवीन पंचांगातले मुहूर्त हातात आले की सगळी कार्यालयं पुढच्या हंगामाच्या तारखा एकाच सकाळी, बरोबर दहाला खुल्या करतात. दहाला पाच मिनिटं असल्यापासून मुलींचे वडील, मुलांचे मामा, नागपूरचे होणारे व्याही आणि अमेरिकेतली बहीण असे सगळे एकदम आत शिरतात. पहिल्या वर्षी आपलं सगळं एकाच डेटाबेसवर होतं. तो चार मिनिटं टिकला.

हडपसरच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून आपण दोघांनी हे काढलं, तेव्हा लोकांनी नाना अर्थ काढले. मी मजकूर लिहायचो, कार्यालयवाल्यांचे फोन घ्यायचो. बाकी सगळं तू. त्या पहिल्या सकाळी मी फोनवर माफी मागत होतो आणि तू शांतपणे नोंदी वाचत बसली होतीस. मग म्हणालीस, "पाहा रवी, माणूस बुक करायला एकदा येते. पाहायला चाळीसदा येते. पाहणाऱ्यांना आपण मूळ वहीपाशी काऊन उभं करून राहिलो?"

पुढच्या वर्षी तू मूळ डेटाबेसच्या प्रती केल्यास. पाहणारे प्रतींवर जायचे, धरणारा तेवढा मुळावर. प्रत मुळापेक्षा दोन-तीन सेकंद मागे असायची. त्यावरून आपलं तीन आठवडे भांडण झालं. मी म्हणालो, हॉल गेलेला असताना मोकळा दाखवायचा, हे खोटं आहे. तू म्हणालीस, "दोन सेकंद जुनं खरं म्हणजे खोटं नसते रे." शेवटी तह झाला. पानावर मी एक ओळ लिहिली, 'ही माहिती काही क्षणांपूर्वीची आहे.' तू ती वाचून म्हणालीस की पुण्याच्या माणसाला सोपं वाक्य लिहिता येते हे आज कळलं. तू गेल्यापासून ही ओळ दिसली की मी पान बंद करतो.

आता मुद्द्यावर येतो. मला यायचं नाही, पण येतो.

गर्दी वाढत गेली तसं धरणाऱ्यांचं मूळही एका मशीनला झेपेना. तू म्हणालीस, तुकडे करावे लागतील. चार मशीन, प्रत्येकावर तीन महिन्यांच्या तारखा. तुकडे सारखे पडले तर सगळ्यांवर सारखा भार. मग तू माझ्याकडे वळलीस. "लग्नं वर्षभर सारखी असतात का रे? तू रोज त्या कार्यालयवाल्यांशी बोलतो, तुलाच माहीत."

मला माहीत होतं, ते सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण मी व्याख्यान दिलं. स्वतःचं लग्न रजिस्टर पद्धतीने केलेला माणूस मी, मुहूर्त या विषयावर मला मतं होती. लोक आता पंचांग पाहत नाहीत, सुट्टी पाहतात, ही पिढी बदलली आहे, चार पुस्तकांतले दाखले, सगळं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "नक्की ना? आमच्या अमरावतीला अजून पंचांग मांडीवर घेऊनच बसतात."

मी म्हणालो, "हे पुणं आहे."

तू आणखी एकदा विचारलंस, दुसऱ्या दिवशी, डबा खाताना. मी तेच सांगितलं, या वेळी अधिक थोडक्यात.

त्या वर्षी तारखा खुल्या झाल्या त्या सकाळी दहाला काय झालं ते आपण दोघांनी शेजारी बसून पाहिलं. एप्रिल ते जूनचं मशीन सहा मिनिटांत गुदमरलं. जानेवारी-मार्चवालं धापा टाकत होतं. चौथं तुळशीच्या लग्नापर्यंत निजलेलं. आणि जुलै ते सप्टेंबरचं मशीन स्वच्छ, थंड, एकही मागणी नाही. अख्खा चातुर्मास पाळत बसलं होतं. तू त्याच्याकडे बराच वेळ पाहिलंस. चिडली नाहीस. एका कार्यालयाच्या मालकांचा फोन आला, तो मीच घेतला. "काय हो, आषाढात लग्न लावायला आमच्याकडे तुमचं मशीन येणार आहे का? तसं असेल तर सांगा, अक्षता काढून ठेवतो."

पुढच्या आठवड्यात कार्यालयवाल्यांनी मार्केट यार्डाजवळच्या एका हॉलमध्ये बैठक बोलावली. खुलासा मागायला बोलावलं होतं, तरी दीपप्रज्वलन झालं, शाल-श्रीफळ झालं. मग अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं, "ही महिन्यांची वाटणी कोणी ठरवली?"

तू उभी राहिलीस. "मी."

मागून एक जण म्हणाले, "बाई, तुमच्या अमरावतीला आषाढात लग्नं लागतात वाटतं?"

हॉल हसला. शैलजा, मीही हसलो. मोठ्याने नाही. पण तू बसताना माझ्याकडे पाहिलंस तेव्हा माझे ओठ अजून तसेच होते. तुला ते दिसलं की नाही हे मला कधी कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

परतताना तुझ्या स्कूटरवर मी मागे बसलो होतो. हडपसरला गाडीतळाच्या अलीकडे तू गाडी थांबवलीस आणि विचारलंस, "उसाचा रस पितो?" आपण रस प्यायलो. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. अंदाज माझा होता, मी उभं राहायला हवं होतं, इतकंच. तू पेला खाली ठेवून म्हणालीस, "आलं जास्त पडलंय." मी म्हणालो, हो. आणि आपण निघालो.

ऑफिसात तुझी एक वही होती, लांबडी, लाल कापडी पाठीची. वेबसाइट कधी पडली, का पडली, पुन्हा पडू नये म्हणून काय केलं, हे तू हाताने लिहायचीस. नियम दोनच. लिहिलेलं खोडायचं नाही. आणि दुसऱ्या कोणावर बोट दाखवायचं नाही. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तू पहिल्या दिवशी ती वही वाचायला द्यायचीस. त्या दिवसाच्या नोंदीत तू लिहिलंस, 'कारण: लग्नांच्या हंगामाबद्दल माझा अंदाज चुकला. — शैलजा.'

मी ती नोंद वाचली. पुष्कळदा वाचली. तिच्याखाली भरपूर जागा मोकळी होती.

नंतर वर्षं गेली. आपण कामचलाऊ डागडुजी करत राहिलो, मशीनची नेमणूक बदलत राहिलो, मे महिन्याला दोन, डिसेंबरला दीड. मी तुझ्याशी चांगला वागायला लागलो, हे तुझ्या लक्षात आलंच असणार. तुझ्या वाढदिवसाला पुस्तकं आणायला लागलो. तू एकदा म्हणालीसही, "काय पाप केलं रे तू?" मी हसण्यावारी नेलं. उत्तर द्यायला इतकी सोयीची जागा तू करून दिली होतीस, आणि मी विनोद केला. विनोद ही माझी सोय आहे, हे लोकांना उशिरा कळतं. तुला लवकर कळलं होतं.

गेल्या वर्षी तू नवीन आराखडा हाती घेतलास. तारखांप्रमाणे तुकडे करायचेच नाहीत, कार्यालयांप्रमाणे करायचे. एका कार्यालयाचं सगळं वर्ष एकाच ठिकाणी. मे महिन्यात गर्दी होईल, पण ती पाचशे कार्यालयांत विभागली जाईल. मुहूर्त असो नसो, कोणी पंचांग पाहो न पाहो. मी लगेच खोट काढली. पाचशे कार्यालयं आहेत, पण सगळ्या पुण्याला त्यातली दहा-बाराच हवी असतात. ती जर एकाच मशीनवर आली तर पुन्हा तेच. तू म्हणालीस, "उगाच काड्या करून राहिला." मी म्हणालो, बघशील. हा वाद तिथेच राहिला, कारण मग तुझे रिपोर्ट आले.

दवाखान्यात भेटायला दिवसातून दहा मिनिटं मिळायची. त्यातली आठ तू कामाचं विचारायचीस. उरलेल्या दोन मिनिटांत मी ते वाक्य बोलणार होतो. एकदा सुरुवातही केली. "शैलजा, ती आषाढाची भानगड झाली होती ना," एवढं म्हणालो. तू डोळे न उघडता म्हणालीस, "ते मशीन मस्त होतं रे. कोणाच्या अध्यात ना मध्यात." आणि तुला खोकला आला आणि नर्सने मला बाहेर काढलं.

तुझ्या तेराव्यानंतर दोन दिवसांनी ऑफिसात बैठक झाली. हंगाम तोंडावर आहे आणि तुझा आराखडा अर्धा. एक सल्लागार आले होते. कोट घालून, या उकाड्यात. त्यांच्या पडद्यावर ढगांची चित्रं होती आणि म्हणणं असं की तुकडे-बिकडे सोडा, एक अजस्र मशीन भाड्याने घ्या. मी त्यांना विचारलं की आणखी गर्दी झाली तर? ते म्हणाले, "त्याहून मोठं." हे त्यांनी इतक्या गांभीर्याने सांगितलं की मी कागदावर टिपून घेतल्यासारखं केलं.

पण निर्णय पल्लवीवर होता. तू गेल्यावर ते सगळं समजणारी आपल्याकडे तीच आहे. तीही सल्लागारांच्या बाजूला झुकत होती. ती म्हणाली, "सर, राग मानू नका. मॅडमनी मला सगळं शिकवलंय. पण अर्धं डिझाइन हंगामात लाइव्ह नेणं रिस्की आहे. आणि पॅटर्न ओळखण्यात त्यांचा कॉल एकदा चुकलाय ना. वहीत आहे."

म्हणजे तुझं शेवटचं काम फेकून दिलं जाणार होतं, आणि त्याचं कारण म्हणून त्या मुलीने माझी चूक पुढे केली होती. तिला ते माहीत नव्हतं. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तू गेल्यावर ते माहीत असलेला आता जगात मी एकटा आहे, हेही तेव्हाच लक्षात आलं.

मी म्हणालो, "तो अंदाज मॅडमचा नव्हता. माझा होता."

"म्हणजे?"

"त्यांनी दोनदा विचारलं होतं. मी दोनदा चुकीचं सांगितलं."

सल्लागारांनी पडद्यावरचे ढग पुढे-मागे केले. पल्लवी म्हणाली, "मग वहीत तुमचं नाव का नाही?"

"वही मॅडम लिहायच्या."

"आणि तुम्ही वाचायचात."

ती सहा वर्षंच पुण्यात आहे, पण बोलायला शिकली आहे. तिने उत्तराची वाट पाहिली नाही. लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "मला चार दिवस द्या. मी मॅडमचं परत पहिल्यापासून वाचते."

त्या संध्याकाळी मी वही काढली आणि तुझ्या नोंदीखाली लिहिलं. तुझं काही खोडलं नाही. फक्त विचारलं कोणी, सांगितलं कोणी, आणि बैठकीत गप्प कोण बसलं, ते लिहून सही केली. मोकळं होईल, हलकं वाटेल, अशी माझी समजूत होती. तसं काही झालं नाही. तुझ्या अक्षराखाली माझं अक्षर फार नीटनेटकं दिसत होतं. खरं तर ते तुला वाचायला द्यायचं होतं. तू वाचून काय म्हणाली असतीस याचे मी पाच-सहा प्रकार मनात बोलून पाहिले, तुझ्या आवाजात. एकही जमला नाही. आवाज येतो, पण पुढचं वाक्य मीच बनवतो आहे हे कळतं.

चौथ्या दिवशी पल्लवीने हाक मारली. "सर, जरा इकडे या." तिने खोटी गर्दी सोडून पाहिली होती, खऱ्या दिवसाच्या दुप्पट. तुझा आराखडा उभा राहिला. फक्त एक मशीन दर वेळी बसत होतं, कारण मागणीतली बरीच कार्यालयं नेमकी त्याच्यावर येत होती. मी म्हणालो होतोच. म्हणायला तोंड उघडलं, आणि पल्लवीने दुसरी फाइल उघडली. तू दवाखान्यात दाखल झालीस त्या आठवड्यातली. वर तू लिहिलं होतंस, 'ही कार्यालयं वेगळ्या मशीनवर ठेवायची.' खाली बारा रकाने. बाराही रिकामे. आणि बाजूला, 'रवीला विचारणे.'

पल्लवी म्हणाली, "सर, यादी तुमच्याकडे आहे?"

माझ्याकडे यादी नव्हती, शैलजा. मी खुर्ची ओढून बसलो. कितीतरी वेळ मला त्या दोन शब्दांपलीकडे काही वाचता येईना. माझ्या एका अंदाजापायी तू भर हॉलमध्ये उभी राहिली होतीस. इतकी वर्षं ते गिळलंस. माझ्या काड्या म्हणून उडवून लावलेली शंका घरी जाऊन खरी मानलीस, मला न सांगता. आणि या सगळ्यानंतर, गर्दी कुठे होणार हे कोणाला विचारायचं, तर पुन्हा मला. दुसरं कोणी का नाही सुचलं तुला? की सुचलं, आणि तरी हेच लिहिलंस? हे मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. फार वाटतं, शैलजा. दिवसातून किती वेळा वाटतं ते मोजत नाही.

सल्लागारांना पल्लवीने नकार कळवला. त्यांनी उत्तरादाखल आणखी एक ढग पाठवला.

या वेळी मी व्याख्यान दिलं नाही. पंचांग विकत आणलं, आयुष्यात पहिल्यांदा. दुकानदार म्हणाले, "मुलीचं का?" मी म्हणालो, कामाचं. मग सात दिवस स्कूटर घेऊन फिरलो. व्यवस्थापकांना विचारलं नाही, ते सगळे आपलाच हॉल भरलेला सांगतात. आचाऱ्यांना विचारलं, मांडववाल्यांना विचारलं, घोडेवाल्यांना विचारलं. मार्केट यार्डातल्या एका फूलवाल्याने उभ्या उभ्या नऊ नावं सांगितली आणि त्यातली आठ बरोबर निघाली. जुन्या नोंदी काढून पल्लवीबरोबर ताडून पाहिल्या. एकेक नाव तुझ्या रकान्यात भरताना पुढे माझं नाव लिहिलं, चुकलं तर कोणाला उभं करायचं ते कळावं म्हणून.

अकरा झाली आहेत. बाराव्याला दोन दावेदार आहेत. एक हडपसरमधलं जुनं कार्यालय, दर हंगामात भरणारं. दुसरं मांजरीचं नवं लॉन, एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला नव्या इमारती. तिथले मालक मला म्हणाले, "साहेब, बघाच तुम्ही, यंदा समदी गर्दी हितंच हाय." नोंदी जुन्याच्या बाजूने आहेत. पण मी तिथे तासभर उभा होतो, आणि त्या तासात चार कुटुंबं येऊन जागा पाहून गेली. त्यातल्या तीन कुटुंबांच्या हातात पंचांग होतं.

गुरुवारी दहाला तारखा खुल्या होतील. पल्लवीला यादी उद्या हवी आहे. ती म्हणाली, "सर, तुम्ही सांगाल ते घालते." मी म्हणालो, असं करू नकोस, दोनदा विचार. ती म्हणाली, "बरं. कोणतं?"

अकरा नावांबद्दल मी वाद घालू शकतो. बाराव्याबद्दल मला तुला विचारायचं होतं.